मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं

गाड्यांवर माझं प्रेम आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ते फारसं दिसणार नाही. मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो आणि शाळा सुटली की जुन्या गाड्यांचे व्हिडिओ काढतो. सुरुवातीचे माझे व्हिडिओ कमालीचे कंटाळवाणे होते असं बायको म्हणते, आणि तिचं खरं आहे. खाऱ्या वाऱ्याने चासी आतून कशी खाल्ली जाते, तोंडवलीच्या वाळूत रुतलेली गाडी चाकातली हवा कमी करून कशी काढायची, मासळीच्या टेम्पोच्या स्प्रिंगचे पाटे सारखे का तुटतात, असले विषय. एकदा मी एका गंजलेल्या नटावर चाळीस मिनिटं बोललो होतो. बघणारे मोजकेच, त्यातले निम्मे मुंबईचे चाकरमानी, ज्यांना गाडीपेक्षा तिच्या मागचा माड बघायचा असायचा. पण विचारायचे ते नीट विचारायचे. रेडिएटर गोड्या पाण्याने किती दिवसांनी धुवायचा, तेल कुठलं घालायचं. त्या लोकांची मला अजून आठवण येते.

मग एका राजकीय मेळाव्याच्या मैदानाबाहेर एका नेत्याची नवी कोरी गाडी उभी दिसली. मी तिचं सस्पेन्शन दाखवत होतो. बोलता बोलता म्हणून गेलो की मागच्या काचेवर स्टिकर नव्या पक्षाचा आहे, पण कडेने जुन्याचा रंग अजून डोकावतोय. एवढंच. दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाने मला पायरीवरच गाठून तो तुकडा हसत हसत दाखवला. त्याला गाडी चालवता येत नाही. त्या व्हिडिओखाली शेकडो लोक एकमेकांना शिव्या घालत होते आणि सस्पेन्शनबद्दल एकानेही विचारलं नव्हतं.

मी एकटाच बिघडलो असंही नाही. ज्या मोठमोठ्या चॅनेलांकडून मी गिअरबॉक्स उघडायला शिकलो, ती तोवर कोण कोणाला सोडून गेला, कोणाला फुकट गाडी मिळाली, कोण कुठल्या पक्षाची री ओढतो यावर अर्धा अर्धा तास बोलू लागली होती. इंजिन बिचारं मागच्या आवाजापुरतं उरलं होतं. मी नाकाने कांदे सोलत म्हणायचो, आपण असलं करत नाही. आणि करत होतो. मी फक्त एक पद्धत शोधून काढली होती. नाव कोणाचंच घ्यायचं नाही, नुसतं विचारायचं. ही गाडी नक्की कोणाची? दारात उभी कोणाच्या? नंबर कुठला? काडी टाकायची आणि खिशात हात घालून बाजूला उभं राहायचं. कोणी बोललंच तर तयार उत्तर होतं, मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

आता त्या जीपबद्दल.

देवबागात माझा एक मित्र होता. पर्यटकांना घरी उतरवायचा आणि त्यांचं सामान, गॅसचे सिलिंडर, माशांच्या टोपल्या, सगळं एका जुन्या जीपमधून वाहायचा. तो गेला त्याला चार वर्षं झाली होती. घराचा कारभार त्याची बायको बघत होती, मी तिला वहिनी म्हणतो. मुलगा मुंबईला नोकरीला. जीप खाडीच्या बाजूला जुन्या जाळ्याखाली झाकून ठेवलेली, तळ कुजलेला, चाकं वाळूत बसलेली. चैत्रात वहिनी मला म्हणाली, "मास्तरांनू, ही चालू होयत तर बघा. भाड्याची गाडी परवडणा नाय."

मी ती टेम्पोवर चढवून पार गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीला नेली. वाटेत मालवणात, कुडाळात, सावंतवाडीत दहा गॅरेजं लागली असती. ती सोडून मी तिथपर्यंत गेलो, ते मुद्दाम. हायवेला नाक्याच्या थोडं अलीकडे एक मिस्त्री आहे, डिझेल इंजिनाचा देवमाणूस. तो माझ्या मित्राचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी चतुर्थीला, गणपतीच्या आरतीसाठी घर माणसांनी भरलेलं असताना, थोरला त्याला म्हणाला होता, "तुझो हय काय संबंध?" तेव्हा तो निघाला तो पुन्हा त्या घरात आला नाही. भावाच्या मर्तिकालाही अंगणाच्या बाहेर उभा होता. एका घराचे दोन गणपती करायचे नाहीत म्हणून त्याने स्वतःकडेही गणपती आणला नाही. चतुर्थीच्या दिवशी साऱ्या हायवेवर एकटा तो गॅरेज उघडं ठेवून बसायचा.

टेम्पोवरची जीप त्याने लांबूनच ओळखली. खाली उतरवल्यावर तिच्याभोवती एक फेरी मारली, डॅशबोर्डखाली हात घातला आणि एक वायर चाचपली. ती त्याने पोरवयात स्वतः जोडलेली होती.

"करतंय," तो म्हणाला. "पण माझा नाव खंय सांगू नकात."

मी शब्द दिला. फक्त वहिनीला तेवढं सांगितलं, इन्सुलीत एक मिस्त्री आहे, तो करतोय. इन्सुलीत कोण मिस्त्री हे देवबागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "बरो आसा मा तुमचो मिस्त्री?"

पुढचे तीन महिने मी दोघांचा पोस्टमन होतो. ती विचारायची, "येळार जेवता मा तुमचो मिस्त्री?" तो म्हणायचा, "पंप बदललो म्हणान सांगा तेंका." तेंका म्हणजे कोणाला, हे त्याच्या तोंडून कधी आलं नाही. दर रविवारी तो बाकीची कामं बाजूला ठेवून जीपखाली शिरायचा. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम दुसरं केलेलं नाही, आणि हे मला त्या वेळीही कळत होतं. आषाढात एकदा पाना पुसता पुसता तो म्हणाला, "ह्या चतुर्थेक येतंय म्हणतंय." मी ते जाऊन वहिनीला सांगितलं. ती पाठमोरी होती. एकच टोप तिने कितीतरी वेळ घासला आणि मग म्हणाली की आधी देवाकडे गाऱ्हाणं घालायला हवं.

आमच्याकडे गाडी दारात आली की देवळात नेऊन गाऱ्हाणं घालतात. गावातला मानकरी देवासमोर नारळ ठेवून मोठ्याने बोलतो. घरात काय अडलंय, काय वाकडं झालंय, काय हवंय, सगळं. देवापुढे झाकपाक करायची नसते, आणि तिथे ऐकलेलं कोणी बाहेर चघळत बसत नाही. श्रावणातल्या एका सोमवारी जीप देवळासमोर उभी राहिली. वहिनीनेच मला कॅमेरा लावायला सांगितला. "तुमच्या मिस्त्रीक दाखवा," म्हणाली.

मानकऱ्याने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान ही गाडी तुझ्या पायाशी हाडलेली आसा. वाटेर घाटेर तिची राखण कर."

"व्हय म्हाराजा," आम्ही पाच-सहा जण म्हणालो.

"ह्या घराक जा काय वाकडा आसा, ता सरळ कर."

"व्हय म्हाराजा."

"जेणा ही गाडी उभी केल्यान, तेचा नाव हय घेवक जमणा नाय. पण तुका म्हायत आसा. तेचो पाय ह्या घराक लागांदे, अशी तुझ्या लेकराची मागणी आसा."

"व्हय म्हाराजा." माझा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता, रेकॉर्डिंगमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो.

अख्खं रेकॉर्डिंग मी मिस्त्रीला पाठवलं. त्याने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, त्याला त्यापलीकडे टाइप करता येत नाही. माझं काम तिथे संपायला हवं होतं.

पण त्याच संध्याकाळी मी चॅनेलसाठी व्हिडिओ कापायला बसलो. जीप सुंदर झाली होती आणि मला ती दाखवायची होती, हे खोटं नाही. तळ कसा बदलला, पाटे कसे बसवले, हे सगळं मी घातलं. मग ते गाऱ्हाणं पुन्हा ऐकलं, आणि शिक्षकाच्या आत बसलेला तो दुसरा इसम जागा झाला. नाव घेता येत नाही! असलं वाक्य मला हजार रुपये देऊन कोणी लिहून दिलं नसतं. निवडणुकांची हवा तापू लागली होती. पंधरा दिवसांपूर्वी समुद्राने देवबागचा किनारा खाल्ला म्हणून एक नेता पाहणीला येऊन गेला होता आणि सगळ्या लवाजम्यासह वहिनीच्या पडवीत चहा पिऊन गेला होता. त्याच्या पांढऱ्या गाडीचं चित्रण माझ्याकडे होतं. गाऱ्हाणं संपताच मी ती गाडी दोन सेकंद दाखवली. फक्त दोन सेकंद, मागचा भाग, नंबर न दिसता. आणि वर शीर्षक दिलं, "जीप उभी करणारा तो कोण? देवासमोरही नाव नाही!"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. ते ठाऊक असलेला मी तिसरा माणूस होतो, आणि लोकांना विचारत होतो की तो कोण.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी प्रतिक्रिया वाचल्या. नेत्याचं नाव पहिल्या दहा मिनिटांतच आलं होतं. मग दोन्ही पक्षांची माणसं आली. मग एकाने लिहिलं, "पाय घराक लागांदे म्हणे," आणि पुढे हसण्याची ओळभर चित्रं. त्याखाली दुसऱ्याने, तिसऱ्याने. चार वर्षं एकटीने घर चालवणाऱ्या बाईबद्दल जे काय लिहिता येतं ते सगळं तिथे लिहून झालं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं. तरी मी पान वर ओढून आधी आकडा पाहिला. इतका मोठा आकडा माझ्या चॅनेलने कधी पाहिला नव्हता. मी स्वतःला म्हणालो, लोकच घाणेरडे, आपण काय करणार, आपण थोडंच नाव घेतलंय.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. मुंबईत मुलाच्या ऑफिसात कोणीतरी व्हिडिओ दाखवला होता आणि त्याने आईला फोन करून विचारलं होतं, "आई, तो कोण?" तिने खरं सांगितलं. त्याला ते पटलं नाही. काका आपल्या दारात पाय ठेवणार नाही, हे ऐकतच तो मोठा झाला होता.

"तेका वाटता मी झाकतंय," ती म्हणाली. "मास्तरांनू, तुमी तेका एक फोन करा. तेका एकट्याक सांगा. तुमचा तो आयकतलो."

मी म्हणालो, "वहिनी, मी शब्द दिलेलो आसा. मिस्त्रीक इचारतंय आणि सांगतंय."

"बरा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मिस्त्रीला विचारलं नाही. एका फोनचं काम होतं. तो नाही म्हणाला नसता, आणि तेच मला नको होतं. खरं उत्तर बाहेर आलं की खेळ संपला असता, आणि आकडा अजून चढत होता. पुढचा भागही मी मनात जुळवून ठेवला होता. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. शब्द पाळतोय असं दोन दिवस मी स्वतःला सांगत राहिलो, आणि ते सांगताना मला थोडं उदात्तही वाटत होतं.

मग वारं फिरलं. कोणीतरी लिहिलं, "नेत्याचं काय घेऊन बसलात? जीप न्यायला मास्तर, आणायला मास्तर. देवबागात पडवीत जाऊन बसतो कोण?" दुपारपर्यंत ते शाळेत पोचलं. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. बाजूला दोन शिक्षक कसलेसे फॉर्म भरत बसले होते.

"सर, हे काय ऐकतोय मी? पालकांचे फोन येतायत," मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्ही खुलासा करा म्हणजे विषय..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सांगून टाकलं. तिचा दीर. इन्सुलीचा मिस्त्री. नऊ वर्षांचा अबोला. आरतीचा तो प्रसंग, रविवारची कामं, चतुर्थीचा बेत, सगळं. कोणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. फॉर्म भरणारे पेन खाली ठेवून ऐकत होते. माझं सांगून झालं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" आणि मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासोबत चहा प्यायलो.

त्या संध्याकाळपर्यंत बाजारात सगळ्यांना कळलं. नेता एका दिवसात मागे पडला. दीर आणि विधवा भावजय हे त्याहून चविष्ट निघालं. नऊ वर्षं बोलत नव्हते म्हणे, मग रविवारी रविवारी जीप कोणासाठी सुधारत होता? मी तेव्हा व्हिडिओ काढून टाकला. पण गाऱ्हाण्याचा तेवढा तुकडा कापून लोकांनी आपापल्या फोनमध्ये ठेवला होता, तो माझ्या हातात राहिला नव्हता. चॅनेल मी बंद केलेलं नाही, हेही सांगायला हवं. त्या आठवड्यात जोडले गेलेले लोक अजून तिथे आहेत, आणि मी त्यांच्याशी गंजाबद्दल बोलतो.

मिस्त्रीने चतुर्थीच्या आठ दिवस आधी फोन केला. मला वाटलं शिव्या घालेल. मी तयार होतो, बरंच वाटलं असतं.

"मास्तरांनू, माका आता येवक जमाचा नाय," तो म्हणाला.

"कित्याक? आता खरा काय ता सगळ्यांका कळला."

"म्हणानच. आता मी त्या दारात इलंय, तर तुमच्या प्रश्नाचा उत्तर इला म्हणतले. माका भाव म्हणान येवचा होता." मागून एक ट्रक गेला. "आणि जीपेचा ऑइल म्हयन्यान बदलूक सांगा. नवीन रिंगा आसत."

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी देवबागला गेलो. न जाणं जास्त सोपं होतं. मुलाने दार उघडलं, "या सर" म्हणाला आणि आत जाऊन फोन घेऊन बसला. मी गणपतीला नमस्कार केला. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, डब्यात भरत होती. मी म्हणालो, चुकलं माझं. तिने मान वर केली नाही.

"मास्तरांनू, माझ्यार इली तेव्हा तुमका वचन आठावला," ती म्हणाली. "तुमच्यार इली तेव्हा खंय गेला ता?"

ओरडून नाही, टोचूनही नाही. हरवलेली किल्ली कुठे ठेवली विचारावं तसं तिने विचारलं. तिने चहा दिला. मी तो प्यायलो. निघताना तिने डबा माझ्या हातात दिला.

"भावजींका पोचवा. प्रसाद आसा, नाय म्हणाचे नाय ते."

मी तसाच इन्सुलीला गेलो. गॅरेज उघडं होतं. मिस्त्रीने हात रॉकेलने धुतले, मग साबणाने, मग पुन्हा एकदा. डबा कपाळाला लावला, एक नेवरी काढून उभ्यानेच सावकाश खाल्ली.

"झील इलो काय?" त्याने विचारलं. पुतण्याबद्दल.

"इलो."

"माका इचारल्यान?"

हो म्हणणं मला अगदी सहज जमलं असतं.

"नाय," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. डब्याला झाकण लावलं. डबा परत न्यायला मी हात पुढे केला, तर म्हणाला, "रवांदे. डबो मीच घराक न्हेवन दितलंय."

तुळशीचं लग्न होऊन गेलं. मी अधूनमधून इन्सुलीला जातो. डबा धुऊन पुसून त्याच्या फळीवर ठेवलेला आहे, ग्रीसच्या डब्यापासून जरा लांब, वर कागद टाकून. वहिनीने तो माझ्याकडे एकदाही मागितलेला नाही.